खात्याखात्यांतली शिवण

तयार कपड्यांच्या कारखान्यात तोटा कुठे होतो, असं विचारलं की बोट सहसा लाइनवरच्या कारागिराकडे जातं. हात संथ, खाडे फार, टार्गेट पुरं होत नाही. पण हिशेब मांडला की तोट्याची मुळं बऱ्याचदा वर, खातेप्रमुखांच्या टेबलांमध्ये सापडतात.

चाळीस मशिनांची एक लाइन घेऊ. एका शर्टाच्या शिलाईला 20 मिनिटं धरली, तर आठ तासांत कागदावर 960 शर्ट होतात. कार्यक्षमता निम्मी धरली तरी 480. आता कॉलरचं कॅनव्हास आलं नाही म्हणून लाइन तासभर थांबली, की 60 शर्ट गेले. कारागीर जागेवर आहेत, पगार चालू आहे. झालं काय? बायरची मंजुरी लांबल्याचं ऑर्डर सांभाळणाऱ्या मर्चंडायझरने स्टोअरला कळवलं नाही आणि प्लॅनिंगने जुन्याच तारखेला लाइन लावली. तिघंही आपापल्या कामात तरबेज असतील, तरी त्या दिवशी त्यांची कंपनी हरली.

याला स्वभावापेक्षा मोजमाप अधिक जबाबदार असतं. कटिंग मास्तरचं कौतुक वाचवलेल्या कापडावर होतं, शिलाई विभागाचं रोजच्या नगांवर, क्वालिटीचं पकडलेल्या दोषांवर. प्रत्येक जण आपला आकडा सांभाळतो. कटिंगने सोयीचे भाग आधी कापले, की लाइनवर पुढचे भाग साचतात आणि बाह्यांची वाट पाहावी लागते. कापड धुतल्यावर किती आटतं, हे क्वालिटीला ठाऊक असूनही पॅटर्न मास्तरपर्यंत वेळेत पोचलं नाही, तर एकावर एक पसरलेल्या कापडाचा अख्खा ले आखूड कापला जातो. कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही, आणि कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचाच असतो.

उशीर भरून काढायला मग ओव्हरटाइम लागतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तर जहाजाने जायचा माल विमानाने पाठवावा लागतो आणि त्या भाड्यात ऑर्डरचा नफा जातो. ओव्हरटाइमचा भार पडतो तो मशिनवर बसलेल्या बायांवर. वरच्यांच्या अबोल्यामुळे खालच्या चाळीसजणींना घरी जायला रात्र होते. ही गोष्ट ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

अच्युत अध्वर्यू, अनंत न्यषधम आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या एका गारमेंट कंपनीत लाइनप्रमुखांचे व्यवहार तपासले. एका लाइनवर खाडे वाढले की दुसऱ्या लाइनचा प्रमुख कारागीर उसने देतो. पण ही देवघेव ठरावीक, ओळखीतल्या जोड्यांपुरतीच राहते. फायद्याच्या कितीतरी अदलाबदली होतच नाहीत. माणसं तीच, मशिनं तीच. विश्वासाची कक्षा मात्र अपुरी.

महाराष्ट्रातला आणि त्याच्या सीमेजवळचा दाखला कापड विणणाऱ्या गिरण्यांचा आहे. तारापूर आणि उंबरगावच्या कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 2008 पासून प्रयोग केला. दोषांची रोज नोंद, साठ्याचा हिशेब, व्यवस्थापकांची रोजची बैठक, अशा साध्या सवयी लावल्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी पाहिलं, तेव्हा यातल्या जवळपास निम्म्या पद्धती सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलले, मालकांना वेळ नव्हता, ही त्यामागची प्रमुख कारणं.

मालकांनी यातून दोन कामं हाती घ्यावीत. पहिलं, कात्री लागण्याआधीची पीपी (प्री-प्रॉडक्शन) मीटिंग मनापासून घ्यावी. मंजूर नमुना टेबलावर ठेवून कटिंग, शिलाई, क्वालिटी, फिनिशिंग आणि मर्चंडायझिंगच्या प्रमुखांनी प्रत्येक शिवण तपासावी, अडचण त्याच वेळी बोलून टाकावी. नुसत्या सह्या गोळा करून ते साधत नाही. दुसरं, खातेप्रमुखांच्या बढतीत आणि बोनसमध्ये एक सामाईक आकडा असावा: ऑर्डर वेळेवर, पहिल्याच तपासणीत पास होऊन आणि जादा ओव्हरटाइमशिवाय गेली का? हा आकडा सगळ्यांचा झाला, की कटिंग मास्तर स्वतःहून लाइनवर जाऊन बाह्या पोचल्या का, ते पाहील. नव्या मशिनसाठी कर्ज काढण्याआधी हे करून पाहावं. त्याला भांडवल लागत नाही, मालकाचा वेळ मात्र रोज लागतो.