तिजोरी सरकारची, रुग्णालय देवस्थानाचे

राज्याला धर्म नसावा, हे आपल्या राज्यघटनेचे पायाभूत तत्त्व होय. परंतु राज्याला तिजोरी असते, आणि त्या तिजोरीतील पैसा लोकोपयोगी कार्याच्या निमित्ताने धार्मिक संस्थांकडेही जात असतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे अगदी जवळून पाहावयास मिळते. प्रवराकाठच्या बेलापूरसारख्या गावातील गंभीर आजाराचा रुग्ण शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या रुग्णालयात नेला जातो. तेथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार झाले, तर खर्चाचा भार शासनाच्या योजनेवर पडतो. रुग्णालय देवस्थानाचे, पैसा करदात्यांचा. या करदात्यांत साईभक्त असतात, तसेच अन्य श्रद्धांचे लोक आणि कोणत्याच देवाला न मानणारेही असतात. त्यांच्या पैशाचा हा विनियोग घटनेला संमत आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना घटनेच्या २७ व्या अनुच्छेदाचा आशय नीट ध्यानी घेतला पाहिजे. ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या वा पंथाच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेले आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. धार्मिक संस्थेला पैसा देऊच नये, असे हा अनुच्छेद म्हणत नाही. २८ व्या अनुच्छेदानुसार सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत ते देता येते, पण विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या संमतीवाचून त्याची सक्ती करता येत नाही. अनुदान देताना केवळ व्यवस्थापन अल्पसंख्याकांचे आहे म्हणून भेदभाव करू नये, असे ३० वा अनुच्छेद बजावतो. तात्पर्य, अनुदान घटनाकारांनी गृहीतच धरले होते. त्यांना नामंजूर होती ती अनुदानाच्या आडून येणारी सक्ती.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही काही काळ चालू राहिली. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा याच निधीतून उभी राहिली. त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस द्यावा, असा अर्ज सुधारकांनी १८४९ मध्ये केला, तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले. तो वाद वरवर पाहता पैशाचा होता; खरे पाहता सार्वजनिक द्रव्य कोणाच्या हितासाठी खर्चावे, याचा होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शाळांच्या अनुदानासाठी कसोटी घालून दिली ती ऐहिक शिक्षणाची. धर्मशिक्षणाकडे सरकारने पाहू नये, असे त्यात ठरले.

न्यायालयांनीही साधारण हीच वाट चोखाळली आहे. अमेरिकेची घटना राज्य व धर्म यांच्यात अधिक उंच भिंत घालते असे मानले जाते. तरीही कॅथॉलिक भगिनींच्या वॉशिंग्टनमधील रुग्णालयाला इमारतीसाठी दिलेला सरकारी पैसा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९९ मध्ये वैध ठरविला. आपल्याकडे हज यात्रेच्या अनुदानाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळले. करउत्पन्नाचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी खर्च होत असेल तरच २७ व्या अनुच्छेदाचा भंग होतो, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. परंतु पुढच्याच वर्षी हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावे, असे याच न्यायालयाने सांगितले आणि २०१८ मध्ये ते बंदही झाले. घटनासंमत असलेली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची असतेच असे नाही, हा यातील धडा होय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरी अडचण निराळीच आहे. पैशाला रंग नसतो. शस्त्रक्रियेचा खर्च शासनाने उचलला की संस्थेचा तेवढाच पैसा मोकळा होतो, आणि तो उत्सवावर किंवा मंदिराच्या बांधकामावर खर्च होऊ शकतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि तो शेवटापर्यंत ताणला, तर धार्मिक संस्थेच्या दारातील रस्त्यालाही सरकारी पैसा देता येणार नाही. त्यावर व्यवहार्य तोडगा एकच: संस्थेला ठोक रक्कम न देता, घडलेल्या सेवेचे मोल सर्वांना समान असलेल्या दराने द्यावे आणि त्या सेवेचा हिशेब वेगळा ठेवावा. विमा योजनेतील पद्धत या तत्त्वाच्या जवळ जाते. तेथे पैसा रुग्णाच्या मागून येतो, संस्थेच्या नावाने नव्हे.

मात्र रुग्णाची निवड खरी असली पाहिजे. ज्या परिसरात परवडणारे एकच मोठे रुग्णालय आहे, तेथे ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ हे उत्तर पोकळ ठरते. शाळेतील मुलाला २८ व्या अनुच्छेदाने दिलेले संरक्षण खाटेवरील रुग्णालाही हवे. उपचारापूर्वी प्रार्थनेची अट नको, प्रवेशात धर्म वा जात विचारात येता कामा नये, आणि तक्रारीसाठी संस्थेबाहेरचा अधिकारी हवा. सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. करसवलतीच्या मोबदल्यात समाज काही मागू शकतो, हे तत्त्व येथे मान्यच झाले आहे. तेच अधिक स्पष्ट अटींच्या रूपाने पुढे नेले पाहिजे.

या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी शिर्डी संस्थानाकडून ५०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१८ मध्ये केला. भक्ताचे दान कालव्याकडे आणि करदात्याचा पैसा देवस्थानाच्या रुग्णालयाकडे, असे दुहेरी प्रवाह वाहू लागले की कोण कोणाच्या उपकाराखाली आहे, हे कळेनासे होते. जी कामे मुळात राज्याची, ती दानपेटीच्या भरवशावर सोडणे हा धर्मनिरपेक्षतेचा भंग असो वा नसो, कर्तव्याचा भंग खासच होय. धार्मिक संस्थांच्या सेवाभावाचे मोल सरकारने अवश्य चुकते करावे; परंतु त्या सेवाभावाच्या आडोशाला ग्रामीण रुग्णालयातील रिकामी पदे झाकू नयेत. पर्याय म्हणून सरकारी दवाखाना सक्षमपणे उभा असेल, तरच देवस्थानाच्या दारात गेलेला रुग्ण स्वेच्छेने गेला, असे म्हणता येईल.