लिनक्स सर्व्हरचा स्थिर जालक-पत्ता

परस्परांस जोडलेल्या संगणकांच्या जालकात प्रत्येक जोडणीस ओळख म्हणून जो अंकात्मक पत्ता असतो, त्यास ‘आयपी पत्ता’ म्हणतात. जालकातील यंत्रणेने आपोआप वाटून न देता व्यवस्थापकाने स्वतः नोंदविलेला पत्ता म्हणजे स्थिर पत्ता होय. आपोआप वाटपाची डीएचसीपी ही पद्धती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पत्ता भाडेपट्ट्याप्रमाणे ठराविक मुदतीपुरता मिळतो व पुढे तो बदलू शकतो. घरच्या संगणकाचे यात काही बिघडत नाही. परंतु ज्याच्याकडे इतर संगणक मागणी घेऊन येतात त्या सर्व्हरला ही अनिश्चितता परवडत नाही. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत तर स्थिर पत्ता अपरिहार्यच असतो. कारण त्याचा स्वतःचा पत्ता इतर सर्व संगणकांत अंकांतच लिहिलेला असतो. डीएचसीपीत विशिष्ट यंत्रासाठी पत्ता राखून ठेवता येतो, हे खरे. तथापि मग सर्व्हरचे चालू होणे दुसऱ्या यंत्रावर अवलंबून राहते.

१९८१ मध्ये प्रमाणित झालेल्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा असून तो ० ते २५५ मधील चार संख्यांनी लिहितात. त्याचा पुढील भाग जालकाचा व मागील भाग यंत्राचा असतो. ही विभागणी कोठे होते हे सांगणाऱ्या आकड्यास ‘मास्क’ म्हणतात. पत्ता लक्षपूर्वक लिहिला जातो, मास्क मात्र सवयीने. आणि चुकीचे मूळ बहुधा तेथेच असते.

उदा., एका संस्थेच्या जालकात १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.१०.६३ हे ६४ पत्ते आहेत, म्हणजे मास्क २६ अंकांचा आहे. पहिला पत्ता जालकाचा व शेवटचा सर्वांना उद्देशून असल्याने यंत्रांसाठी ६२ उरतात. त्यांपैकी १ क्रमांक राउटरला व २० क्रमांक सर्व्हरला दिला. आता सर्व्हरवर मास्क २६ ऐवजी २४ लिहिला गेला, तर शेजारच्या विभागातील १०० क्रमांकाचे यंत्रही आपल्याच जालकात आहे असे सर्व्हर समजतो, राउटरकडे न जाता त्यास थेट हाक मारतो आणि सामान्यतः उत्तर येत नाही. दूरदेशीच्या यंत्रांशी व्यवहार मात्र सुरळीत चालतो, त्यामुळे संशय भलतीकडेच जातो. उलट मास्क २८ लिहिल्यास सर्व्हरच्या दृष्टीने त्याचे जालक १६ ते ३१ एवढेच उरते. राउटर त्याबाहेर पडतो आणि बाहेरची वाट नोंदविण्यासच लिनक्स नकार देते. ही चूक त्यामानाने सौम्य म्हटली पाहिजे, कारण ती लगेच उघड होते.

लिनक्समध्ये पत्ता दोन ठिकाणी असतो, हे ध्यानात घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. एक, प्रणालीच्या गाभ्याच्या चालू स्मृतीत. दुसरे, तबकडीवरील नोंदीच्या फाइलमध्ये. ‘आयपी’ या आज्ञेने (पूर्वी ‘आयएफकॉन्फिग’ने) दिलेला पत्ता तत्क्षणी लागू होतो, पण तो स्मृतीपुरताच. सर्व्हर महिनोन्‌महिने अखंड चालत असल्याने फाइलमधील जुनी नोंद कोणाच्या लक्षात येत नाही. मग एके रात्री वीज जाते, यंत्र पुन्हा सुरू होते आणि जुना पत्ता घेऊन उभे राहते. ज्याने बदल केला तो तोवर दुसरीकडे गेलेलाही असतो. म्हणून बदल फाइलमध्येच करावा आणि शक्य तेव्हा यंत्र एकदा मुद्दाम बंद-चालू करून पाहावे. नोंदीची फाइल मात्र सर्वत्र एक नाही : डेबियनमध्ये ‘इंटरफेसेस’ नावाची फाइल परंपरेने वापरतात, उबुंटूने २०१७ मध्ये ‘नेटप्लॅन’ स्वीकारले, तर रेड हॅटच्या प्रणालीत ‘नेटवर्कमॅनेजर’ हे काम करतो. एकाच यंत्रावर यांपैकी दोन यंत्रणा एकाच जोडणीची व्यवस्था पाहू लागल्या, तर त्या एकमेकींचे काम मोडतात.

दूरस्थ सर्व्हरचा पत्ता त्याच जोडणीवरून बदलणे म्हणजे बसलेली फांदी तोडण्यासारखे आहे. नेटप्लॅनमधील ‘ट्राय’ ही आज्ञा यासाठी उपयुक्त ठरते. १२० सेकंदांत पुष्टी न मिळाल्यास ती आधीची मांडणी परत आणते.

नेमावयाचा पत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही याची खातरजमा आधी करावी लागते, कारण चौथ्या आवृत्तीच्या बाबतीत लिनक्सचा गाभा ती स्वतः करीत नाही. ‘आर्पिंग’ या आज्ञेने त्या पत्त्यास हाक मारून पाहता येते. डीएचसीपीच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरील पत्ता निवडणे हेही तितकेच आवश्यक असते. एकच पत्ता दोन यंत्रांस गेला, तर शेजारी यंत्रे कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे पॅकेट पाठवितात व सेवा अधूनमधून खंडित होते.

१२८ द्विमान अंकांच्या सहाव्या आवृत्तीत ही तपासणी गाभाच करतो. तेथे अडचण वेगळी आहे. स्थिर पत्ता नोंदविला तरी राउटरच्या घोषणेवरून सर्व्हर आणखी एक पत्ता स्वतःच तयार करू शकतो आणि बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर कधीकधी तोच घालतो. पलीकडील यंत्र केवळ नोंदलेल्या पत्त्यांनाच प्रवेश देत असेल, तर अशा सर्व्हरवर राउटरच्या घोषणांवरून पत्ता तयार करण्याची सोय बंद करावी लागते.