मेडिसिनच्या रेसिडेंटला न्यूरॉलॉजी किती हवी? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पक्षाघाताचा, फिट न थांबणारा किंवा बेशुद्ध रुग्ण मोठ्या सरकारी रुग्णालयात आला, की त्याला आधी तपासतो तो बहुधा एमडी मेडिसिनचा रेसिडेंट. तरी त्याला न्यूरॉलॉजी कशी शिकवावी याबद्दल काही चुकीच्या समजुती घट्ट रुजल्या आहेत.

गैरसमज १ : न्यूरॉलॉजी डीएम करणाऱ्यांची, मेडिसिनवाल्यांना तोंडओळख पुरे.

वस्तुस्थिती : आपल्याकडचे न्यूरॉलॉजिस्ट मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, एमडी झालेला डॉक्टर तालुक्याच्या गावीही असतो. रक्तवाहिनी तुंबून झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. फिट ५ मिनिटांत थांबली नाही, तर लगेच आणि पुऱ्या मात्रेत औषध द्यायचे असते. तज्ज्ञ येईपर्यंत हे निर्णय लांबवता येत नाहीत.

गैरसमज २ : एमआरआय असताना हातोडी आणि टॉर्च घेऊन कशाला तपासायचे?

वस्तुस्थिती : मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात पहिल्या ४८ तासांत एमआरआयवरही कधीकधी दिसत नाही. चक्कर थांबतच नसेल, तर डोळ्यांच्या हालचाली पाहणारी ‘हिंट्स’ तपासणी सरावलेल्या हाती सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा जास्त पक्षाघात पकडते, असे २००९ च्या अभ्यासात दिसले. मण्यार चावल्याची खूण अंगावर दिसेलच असे नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात. हे निदान स्कॅनवर दिसत नाही. ते डॉक्टरला सुचावे लागते.

गैरसमज ३ : पोस्टिंगचे दिवस वाढवले की काम झाले.

वस्तुस्थिती : न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात दुर्मीळ आणि जुनाट आजार बरेच दिसतात; आणीबाणीचे रुग्ण रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत येतात. म्हणून दिवस ठरवण्याआधी कामे ठरवावीत : पक्षाघात, फिट, बेशुद्धी, मेंदूज्वर आणि वेगाने वाढणारी हातापायांतली कमजोरी. अशी कमजोरी आणणाऱ्या ‘गिलन-बारे’ आजाराचा २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात उद्रेक झाला. या आजारात ऑक्सिजनची पातळी ठीक दिसत असतानाही श्वासाचे स्नायू दमत चाललेले असू शकतात. रुग्ण एका दमात कितीपर्यंत आकडे मोजतो, उताणे झोपून मान उचलतो का, हे पुन्हा पुन्हा पाहायला प्रत्येक रेसिडेंटला आलेच पाहिजे.

गैरसमज ४ : विषयच अवघड, तो मोजक्या हुशारांना जमतो.

वस्तुस्थिती : या भीतीला अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट राल्फ जोझेफोविझ यांनी १९९४ मध्ये ‘न्यूरोफोबिया’ म्हटले. मज्जासंस्थेची रचना एकदा वर्गात शिकवायची आणि रुग्णापाशी तिचा उपयोग दाखवायचाच नाही, यातून ही भीती वाढते. उपाय पद्धतीत आहे. राउंडला स्कॅन उघडण्याआधी रेसिडेंटने दोन उत्तरे द्यावीत : बिघाड कुठे आहे आणि तो कशाने झाला? क्षणात आलेली कमजोरी बहुधा रक्तवाहिनीची, दिवसांत वाढलेली संसर्गाची किंवा दाहाची, महिन्यांत वाढलेली गाठीची किंवा ऱ्हासाची. असा विचार सरावाने कुणालाही जमतो.

गैरसमज ५ : परीक्षेत लाँग केस चांगली मांडली म्हणजे न्यूरॉलॉजी आली.

वस्तुस्थिती : केस मांडणे वेगळे आणि रुग्णाला तपासणे वेगळे. ‘मिनी-सीईएक्स’ पद्धतीत शिक्षक रेसिडेंटला प्रत्यक्ष रुग्ण तपासताना १५-२० मिनिटे पाहतो आणि काय चुकले, काय साधले ते तिथेच सांगतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वरिष्ठांनी वेळ काढावा लागतो.

एमडीच्या तीन वर्षांत प्रत्येक रेसिडेंट तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीसाठी बाहेर जातो. त्याला पाठवण्याआधी वरची पाच कामे तो स्वतः करू शकतो, हे मेडिसिनच्या विभागप्रमुखांनी एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच आग्रहाची विनंती. तिथे रात्री पक्षाघाताचा रुग्ण आला, तर निर्णय त्यालाच घ्यावा लागू शकतो.