‘मी कोण?’ विचारणाऱ्या मुली

‘मी कोण?’ या पंधरा-सोळाव्या वर्षी पडणाऱ्या प्रश्नावर जगभर कुमार कादंबऱ्या लिहिल्या जातात. गोव्यात हा प्रश्न पुस्तकाचं नाव झाला, तो एका प्रौढ पुरुषामुळे. राजाराम रंगाजी पैंगीणकर यांचं ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र १९६९ साली आलं. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजात ते जन्मले होते. त्या समाजात मुलगा निदान प्रश्न विचारू शकत होता. मुलीचं उत्तर बरेचदा आधीच ठरलेलं असे.

ते ठरे शेंस विधीत. वयात येणाऱ्या मुलीचं लग्न थाटात लागे, पण नवरदेव म्हणून पुरुषी वेशातली दुसरी मुलगीच उभी राही. त्यानंतर तिने संसार मांडायचा नसे. पेडणे, डिचोलीसारखे गोव्यातले नंतर जिंकलेले महाल, म्हणजे नव्या काबिजादी, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आले, तोवर त्यांचा देवळं पाडण्याचा काळ सरला होता. देवळं टिकली, तशा त्यांच्याभोवतीच्या रूढीही टिकल्या. शेंसवर कायद्याने बंदी आली ती १९३० साली.

मराठी कादंबरीने ही मुलगी पाहिली. बा. भ. बोरकरांची ‘भावीण’ १९५० ची. पण ती मोठ्यांसाठी लिहिलेली, आणि मुलीकडे बाहेरून, करुणेने पाहणाऱ्या कवीची.

खऱ्या मुली मात्र केवळ करुणेच्या धनी नव्हत्या. पेडण्यातल्या मालपे गावचं नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर १८८३ साली जन्मल्या. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँकडे त्यांची तालीम झाली आणि सोळाव्या वर्षी, १८९९ मध्ये, त्या मुंबईत मैफलीला बसल्या. पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. अशा संसाराबाहेरच्या जन्मांना चिकटलेला बापाच्या नावाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत गावाने आणि गळ्याने मागे सारला.

दुसरं उत्तर सगळ्यांनी मिळून शोधलं. कलावंत, भाविणी, देवळी अशा देवळाच्या सेवेशी बांधलेल्या वेगवेगळ्या ओळखी मागे ठेवून ‘गोमंतक मराठा समाज’ हे एकच नाव घेतलं गेलं. १९२९ पासून या समाजाचं ‘समाज सुधारक’ हे मराठी मासिक निघू लागलं. अभ्यासक अंजली आरोंदेकर यांनी २०२३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात याच समाजाच्या दप्तराचा आधार घेतला आहे. त्यांचं म्हणणं असं, की इथे शोधायला मौन नाही. कागदपत्रांची रेलचेल आहे.

याच समाजातले, पेडण्याचे दयानंद बांदोडकर १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्यामागून, १९७३ मध्ये, त्यांची कन्या शशिकला काकोडकर त्या खुर्चीवर बसल्या. शेंसवरच्या बंदीला तेव्हा जेमतेम त्रेचाळीस वर्षं झाली होती.

आज पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या शाळकरी नायिकेवर कुमार कादंबरी लिहायची, तर लेखकाला सामग्रीची वाण नाही. पणजीने सोडलेलं आडनाव, आजीने गाणं सांगायचं का टाळलं, आईच्या दाखल्यावरचं वडिलांच्या नावाचं रिकामं घर, यांपैकी कुठूनही सुरुवात करता येईल. फक्त या वेळी प्रश्न तिने स्वतः विचारायला हवा, आणि उत्तर लग्नावर संपवायची घाई लेखकाने करू नये.