अष्टपाद घरी आणण्यापूर्वी

काचेच्या पेटीतील मासे पाहत बसल्याने मन निवते, हा अनेकांचा अनुभव आहे. अभ्यासकांनीही तो पडताळून पाहिला आहे. इंग्लंडमधील प्लिमथच्या मत्स्यालयात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मासे पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके व रक्तदाब उतरल्याचे आढळले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००२ च्या अभ्यासानुसार, भोजनगृहात मत्स्यपेटी ठेवल्यावर स्मृतिभ्रंशाचे रुग्ण अधिक जेवू लागले. म्हणून आजी-आजोबांच्या खोलीत मत्स्यपेटी असावी, हा विचार उत्तमच. मात्र त्या पेटीत अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस, किंवा माकुळाच्या कुळातील कटलफिश ठेवण्याचा हट्ट नातवंडांनी धरला, तर आपण थोडे थांबावे.

हे प्राणी मोहक आहेत, यात शंका नाही. अष्टपादाला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळसर असते. कटलफिश क्षणार्धात रंग पालटतो. आपल्या वयाच्या वाचकांना सुखावणारी एक गोष्टही त्याच्याविषयी कळली आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, माणसाच्या नव्वदीशी तुलना होईल अशा वयातील कटलफिशलाही आपण काय, कुठे व केव्हा खाल्ले याचे स्मरण तरुणांइतकेच राहते.

परंतु हे सारे आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचे असते. अंडी घातल्यावर अष्टपादाची मादी ती राखत बसते, अन्न सोडते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. तिला वाचविणारे औषध नाही. ओळखीने जवळ येणारा, भावनिक जवळीक लावणारा जीव वर्षभरात डोळ्यांदेखत खंगताना पाहणे हे नुकताच जोडीदार गमावलेल्या वृद्धाला सोसवेल काय, याचा विचार घरच्यांनी आधी करावा.

दुसरा प्रश्न श्रमांचा आहे. आष्ट्यासारख्या कृष्णा-वारणेच्या ऊसपट्ट्यातील गावात समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम याप्रमाणे दोनशे लिटरच्या पेटीला सात किलो खास सागरी मीठ लागते; स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. दर आठवड्याला वीस-तीस लिटर पाणी बदलायचे, म्हणजे भरलेल्या बादल्या उचलायच्या. ओल्या फरशीवर घसरण्याचे भय वेगळेच. पाण्यात तांब्याचा अंशही या प्राण्यांना घातक असल्याने तांब्या-पितळेची भांडी वर्ज्य. उन्हाळ्यात पाणी थंड राखणारे यंत्र हवे, आणि वीज गेली तर तेही थांबते. शिवाय अष्टपाद झाकणातील बारीक फटीतूनही निसटतो. त्याचे खाद्य म्हणजे खेकडे व कोळंबी; तेही रोज मिळवायचे. हा सारा भार अखेर घरातील सेवा करणाऱ्या व्यक्तीवरच पडतो.

आरोग्याचीही एक बाब आहे. मत्स्यपेटी कोणतीही असो, हाताला जखम असताना पाण्यात हात घालू नये. अशा पाण्यातील काही जंतूंमुळे त्वचेवर दीर्घकाळ न भरणाऱ्या गाठी येतात. मधुमेह असणाऱ्यांनी व प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी लांब हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. गाठ वा जखम रेंगाळली, तर डॉक्टरांना मत्स्यपेटीविषयी आवर्जून सांगावे.

मग करावे काय? गोड्या पाण्यातील गप्पींची लहान पेटी घ्यावी. ती बसल्या जागेवरून, डोळ्यांच्या पातळीवर दिसेल अशी भक्कम टेबलावर ठेवावी. खाद्य घालण्याचे काम वृद्धांकडे व पाणी बदलण्याचे तरुणांकडे द्यावे. ठरलेल्या वेळी चिमूटभर खाद्य घालणे हे दिवसाला वळण लावणारे, आपली कुणाला गरज आहे हे जाणवून देणारे काम आहे. समुद्रातील जीवांची ओढ असेल, तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला जावे. तेथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय व संग्रहालय आहे. ज्येष्ठांना नेण्यापूर्वी वेळा व पायऱ्यांची चौकशी मात्र करून घ्यावी.

अष्टपादाचे छोटे आयुष्य समुद्रातच जावे. आपल्या घरात मात्र असा जीव असावा, ज्याची सोबत मिळेल आणि ज्याचा भार कुणावर पडणार नाही.