सुताचा रंग आणि मूत्राशय

लोकर आणि रेशीम रंग चटकन धरतात. सुताचं तसं नाही. त्याला आधी तुरटीसारखं काहीतरी लावून तयार करावं लागे. 1884 च्या सुमारास जर्मनीत ‘काँगो रेड’ हा रंग आला आणि ही कटकट संपली: उकळतं पाणी, थोडं मीठ, की रंग थेट धाग्यावर. पुढे याच घराण्यातले काळे, निळे, तपकिरी ‘डायरेक्ट’ रंग निघाले. स्वस्त आणि सोपे असल्यामुळे ते जगभरच्या सुती रंगाईत शिरले. या रंगांच्या रेणूच्या मधोमध बेंझिडीन असतं, आणि बेंझिडीनमुळे माणसाला मूत्राशयाचा कर्करोग होतो.

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 साली उभी राहिली. आज गिरण्या बंद आहेत, पण शहराच्या पूर्व भागातले यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल आहेत. म्हणजे सूत रंगवणारे हातही आहेत. चादर पांघरणाऱ्याने घाबरू नये. धोका असतो तो कोरड्या रंगाच्या भुकटीत. रंगाचा डबा उघडून वजन करताना आणि पिंपात ओतताना ती उडते, नाकातोंडात जाते, हातावर बसते, मग त्याच हातांनी जेवणाचा डबा खाल्ला जातो. आतड्यातले जिवाणू रंगाचा रेणू तोडतात आणि बेंझिडीन मोकळं होतं. यकृत त्यावर प्रक्रिया करतं आणि तयार झालेले घातक पदार्थ लघवीत उतरतात. लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते, म्हणून मार बसतो तो त्याच्या अस्तराला. पेशींच्या डीएनएत बिघाड होतो आणि गाठ दिसेपर्यंत बहुधा वीस-तीस वर्षं जातात.

रंगाच्या कामाचा हा धोका नव्याने कळलेला नाही. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 मध्ये फुक्सिन रंग बनवणाऱ्या 45 कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी असल्याचं मांडलं. जपानमध्ये क्योटोच्या किमोनो रंगवणाऱ्या कारागिरांत हाच कर्करोग जास्त आढळला. कुंचल्याला टोक आणण्यासाठी ते तो ओठांत धरत. ब्रिटनने 1967 च्या नियमांनी बेंझिडीनला मज्जाव केला. आपल्याकडे बेंझिडीनवर आधारित 42 रंग हाताळण्यावर बंदी लागू झाली 1993 साली, आणि 1997 मध्ये आणखी 70 ॲझो रंगांवर. ही दुसरी बंदी आली तीही मुख्यतः जर्मनीने 1994 मध्ये असा माल नाकारायचं ठरवल्यानंतर. कामगाराच्या मूत्राशयापेक्षा निर्यातीची ऑर्डर आपल्याला लवकर हलवते, हे कटू असलं तरी खरं आहे.

बंदीआधी विशी-तिशीत रंगाईला लागलेले कामगार आज पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत. आजार दिसायचं वय नेमकं हेच. ‘व्यवसायजन्य कर्करोग’ हा 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. डॉक्टरने असा रुग्ण कळवायचा असतो. पण दहापेक्षा कमी माणसांची शेड सहसा त्या कायद्यात येतच नसे. शिवाय डॉक्टर ‘विडी-सिगारेट ओढता का?’ एवढं विचारून थांबतात. तो प्रश्न रास्तच आहे, कारण धूम्रपान हे याच कर्करोगाचं मोठं कारण. मात्र त्यानंतरचा ‘काम काय केलंत?’ हा प्रश्न राहून जातो.

अशा रुग्णांची मोजणी आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये याच सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. तिथले कर्मचारी गावोगाव फिरून रुग्ण शोधतात. त्याच बार्शीच्या रुग्णालयाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर केलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये जगभर वाचले गेले. नोंदणीच्या अर्जात आयुष्यभराच्या कामाचा एक रकाना भरणं त्यापुढे काहीच नाही.

  

तूर्त एवढंच. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी कधीकाळी रंगाईत काम केलं असेल आणि लघवीतून रक्त गेलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. या आजारात बहुधा दुखत नाहीच. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारलं नाही तरी सांगा: किती वर्षं, कोणत्या कामावर, कोणता रंग.