दिवाळीच्या किल्ल्याचा तट : दगड केवढा घ्यायचा?

महाराष्ट्राबाहेर राहणारे बरेच जण विचारतात, "मुलांना किल्ला करून द्यायचाय, पण तट खोटा दिसतो. काय करू?" आज फक्त तटाबद्दल बोलू.

मी राहतो आडुतुरैला, कुंभकोणमजवळ. हा कावेरीचा भातपट्टा. माती हवी तेवढी, दगड मात्र शोधूनही सापडत नाही. त्यामुळे दगडसुद्धा इथे हातानेच करावा लागतो.

पहिली गोष्ट माप. फौजेत मोहिमेआधी जवानांना जमीन समजावून द्यायला सँड मॉडेल करतात. त्यात डोंगर ठळक दिसावेत म्हणून उंची मुद्दाम वाढवतात, तशी तुम्हीही वाढवा. पण तट आणि माणूस यांचं प्रमाण एकच हवं. आपल्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, तिथेच तट खेळण्यातला वाटू लागतो. महाराजांची मूर्ती मोठी असू द्या, तो मानाचा भाग आहे. पहारेकरी मात्र मोजून घ्या.

तुमचा मावळा पावणेतीन इंचांचा आहे असं धरू. खरा माणूस साडेपाच फूट. म्हणजे अर्धा इंच बरोबर एक फूट. आता वीस फुटी तट दहा इंचांचा होईल. दीड फूट लांब, एक फूट उंच दगड पाऊण इंच बाय अर्धा इंच. दोन फूट लांबीच्या तटाला एका बाजूने वीस थर, थरात बत्तीस दगड, एकूण ६४० दगड लागतील. म्हणून अख्खा किल्ला नको. एक बुरूज आणि दोन्ही अंगांना हातभर तट पुरे.

दगड कशाचे? चिकणमातीची अर्धा इंच जाड पोळी लाटा, पट्ट्या कापा, पट्ट्यांचे तुकडे करा. कडा बोटाने थोड्या मोडा. माती वाळताना आक्रसते. आधी दहा सेंटिमीटरची एक पट्टी वाळवून मोजा आणि तेवढं माप वाढवून कापा. सगळा तट ओल्या मातीचा एकसंध थापला तर हमखास तडकतो. सुटे दगड तडकत नाहीत. तमिळनाडूत आणखी एक अडचण. आमच्याकडे दिवाळी ऐन ईशान्य मोसमी पावसात येते, काहीही वाळत नाही. त्यामुळे दगड उन्हाळ्यातच करून डब्यात भरून ठेवायचे.

माती नको असेल तर अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा फाडा. त्याचा खडबडीतपणा दगडासारखाच दिसतो. थर्माकोल आतल्या गाभ्याला वापरा. खऱ्या तटातही बाहेर घडीव दगडांचे दोन पदर आणि मधे भराव असतो. फक्त थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारू नका, तो विरघळतो. फेव्हिकॉल आणि पाण्यातले रंग चालतात.

आता रचना. तीन नियम पाळा. एक, सांधमोड : वरच्या दगडाचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दोन, मोठे दगड तळाला आणि कोपऱ्यांना. तट वर जाताना किंचित आत कललेला. तीन, आणि हा नियम बहुतेक जण विसरतात, जमीन उतरती असली तरी थर आडवेच राहतात. उतारावर पाया पायऱ्यांसारखा कापायचा. उताराला समांतर थर लावले की तट घसरून चालल्यासारखा दिसतो.

रंग एकदम काळा नको. आधी मध्यम राखाडी, मग सांध्यांत पातळ काळपट पाणी सोडा, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट हात फिरवा. कोकणातला किल्ला असेल तर जांभ्याचा तांबूस रंग.

जंग्या पाडताना काडी आतून बाहेर, खाली तिरकी घाला. तटाच्या अगदी पायाशी पोचलेला शत्रू वरून सरळ बघणाऱ्याला दिसत नाही. त्या आंधळ्या जागेवर मारा करण्यासाठी जंगी तिरकी असते. बुरूज पुढे काढतात तोही त्याचसाठी, बाजूने तटाचा पाया दिसावा म्हणून.

आणि तट कुठे घालायचा? सगळीकडे नाही. आमच्या उत्तरेला जिंजी आहे, २०२५ साली महाराष्ट्रातल्या अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशात गेलेला. तिथे राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या टेकड्या तटाने जोडल्या आहेत. जिथे खडकच चढू देत नाही तिथे बांधकामाची गरज उरत नाही. सह्याद्रीतही तसंच, ताशीव कडा असेल तिथे कड्यालाच तट मानलंय. राजाराम महाराज जिंजीत असताना मोगलांचा वेढा १६९० ते १६९८ रेंगाळला. असं का झालं हे मुलांना पुस्तकातून सांगणं अवघड. पण तीन टेकड्या मांडा, त्यांना तटाने जोडा आणि म्हणा, "आता तू वेढा घाल." किती मावळे कमी पडतात ते पोरं स्वतःच मोजतात.

बाजारात आता तयार किल्लेही मिळतात. ते दिसतात छान, पण त्यांत तट कुठे घालायचा हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. आपल्या मुलांना, विशेषतः सह्याद्री न पाहिलेल्या मुलांना, ते ठरवू द्या. डोंगर तयार झाला की पहिला दगड ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारा : शत्रू कुठून येईल? बोट जिथे जाईल तिथून तट सुरू करा.

पुढच्या भागात गोमुखी दरवाजा करू.